ज्ञात-अज्ञात

परवा २७ फेब्रुवारीला विद्यापीठात गेले होते. मराठी भाषा गौरव दिन. भाषणं झाली, कविता झाल्या, 'अभिजात' हा शब्द मी बारा वेळा मोजला (३ ऑक्टोबर २०२४ ला दर्जा मिळाल्यापासून त्याच्याशिवाय माईक तापतच नाही) आणि निवेदिका म्हणाली, "आता आभारप्रदर्शन..." लगेच खुर्च्या कुरकुरल्या. शेजारच्या मैत्रिणीनं पर्स उचलली.

"चल की गं. आता आभारच हाईत. मी चहाला पुढं जातो."

आमच्याकडं कोल्हापुरात बायकाही 'जातो'च म्हणतात. भाषा दिनालासुद्धा.

मी हलले नाही. मला आभार ऐकायचे असतात. भाषा विभागांचं वर्षच असल्या दिवसांनी भरलेलं. जानेवारीत १४ ते २८ मराठीचा पंधरवडा, फेब्रुवारीत कुसुमाग्रजांची जयंती, १४ सप्टेंबरला हिंदी, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. बाहेरगावचा पाहुणा लवकर पोचला तर त्याला आवारातलं वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय दाखवायचं. 'ययाति'ला १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं, हे सांगून होईतो सभागृहात माणसं गोळा होतात. मी स्वतः दोघांना असं फिरवलंय. पाहुणे काय बोलले ते विचाराल तर आठवत नाही. आभार मात्र मी कान देऊन ऐकते, कुणी राहून तर जात नाही ना म्हणून.

कारण माझ्याकडून राहिलंय. एम.ए.ला असताना एका कार्यक्रमात आभार माझ्याकडं होते. दोन कागद एकदम उलटले गेले आणि खुद्द अध्यक्षच गळाले. मांडववाल्याचे मानले, अध्यक्षांचे नाहीत! बाई नंतर एवढंच म्हणाल्या, "आवाज छान लागला होता तुझा."

पण हे खूळ त्याच्याही आधीचं. लहानपणी गल्लीतल्या गणपतीला रात्री आरतीनंतर कर्ण्यावरून वर्गणीदारांची नावं वाचायचे. "अमुक अमुक यांजकडून एकवीस रुपये, मंडळ त्यांचे आभारी आहे." नेमके त्याच वेळेला अण्णा पेपर घेऊन दारात यायचे. तिथं उजेड पुरेसा नसायचा, पण आम्ही कधी बोललो नाही. एका वर्षी त्यांचं नाव आलंच नाही. "इसरला असंल," म्हणाले आणि आत आले. जेवताना आमटीत मीठ कमी असल्याचं मात्र दोनदा सांगितलं. आईनं मुकाट्यानं मिठाची वाटी पुढं सरकवली. ती त्यांनी हातात घेतली नाही.

एरवी या गावात आभार मानतो कोण? मिसळवाल्यानं दुसऱ्यांदा कट वाढल्यावर 'थँक्यू' म्हणून बघा. "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" विचारील. आपण फार तर "बास, बास" म्हणतो, तोही थोडा जास्तच ओततो, झालं.

तर परवाचा पोरगा. एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा असावा, इस्त्री ताजी, कागद थरथरतोय. अध्यक्ष झाले, पाहुणे झाले, विभागप्रमुख, माईकवाले मामा, सगळे झाले. शेवटी "ज्या ज्ञात..." म्हणाला आणि अडखळला. पुन्हा म्हणाला, "ज्ञात... अज्ञात..." मागं कुणीतरी हसलं.

अण्णा गेले तेव्हा दहा दिवस आमच्या घरचा गॅस पेटला नाही. भाकरी, पिठलं, आमटी कुणाकुणाच्या घरून यायचं. कोण कधी ठेवून जातंय, बघायचं भान नव्हतं. नंतर मी डबे परत करायला काढले. स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरायची आपली रीत किती कामाची, ते तेव्हा कळलं. एकेक घर आपोआप लागत गेलं. एक डबा तेवढा उरला, बिननावाचा. सगळी गल्ली विचारून झाली. कुणी म्हणे, शिंदेकाकूंचा असेल, काकू म्हणे, माझं झाकण घट्ट बसतं, हे सैल आहे.

नऊ वर्षं तो फळीवर आहे. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात साखर भरून ठेवली आहे. पावसाळ्यात तिला पाणी सुटतं. मग ती काढून नवी भरते.