वीसपैकी शून्य

धोका आहे का नाही हे मी एका शब्दात का सांगत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हा विषय मी घरातही टाळतो. लातूरला संख्याशास्त्र शिकवतो म्हटलं की गंजगोलाईतल्या दुकानदारापासून सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकच: "सर, लागण व्हायचा धोका आहे का नाही, एका शब्दात सांगा की. टक्के कशाला?"

एका शब्दात एकदा सांगून झालंय.

मार्च 2021. उदगीरच्या एका वाड्यात एक जण कोरोना पॉझिटिव्ह निघाला, त्याला माडीवर वेगळा ठेवला. तिसऱ्या दिवशी वाड्यातल्या 20 जणांची तपासणी झाली, सगळे निगेटिव्ह. दोन दिवसांनी त्याच वाड्यात काकांच्या बालमित्राची तेरवी. काकांचा फोन आला, "जाऊ का नको, तेवढंच सांग लेकरा." मी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, "वीसपैकी शून्य. जा."

सहाव्या दिवशी ताप, पुढे अकरा दिवस ऑक्सिजन. आज काका जिना चढताना दोनदा थांबतात, कठडा धरून, माझ्याकडे न बघता. काकू बघतात.

एकही लागण सापडली नाही तरी ढोबळ नियमानं धोका 3 भागिले तपासलेली माणसं इतका असू शकतो; वीसपैकी शून्य आलं तर 3 भागिले 20, म्हणजे माणशी पंधरा टक्क्यांपर्यंत. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. धोका दहा टक्के असला तरी आठातून एकदा वीसच्या वीस कोरे सुटतात. त्यात लक्षणं दिसायलाच साधारण पाच दिवस लागतात आणि तपासणी तिसऱ्या दिवशी. वर एकाच रुग्णाभोवतीची माणसं म्हणजे वीस सुटे पुरावे नव्हेत. 2003 साली सिंगापूरच्या पहिल्या 201 सार्स (कोरोनाच्याच कुळातला श्वसनाचा आजार) रुग्णांपैकी 103 जणांना लागण झाली ती फक्त पाच जणांकडून. त्या वीसांत असा अनेकांना लागण देणारा एखादा लपलेला असता तर? माझ्या शून्यात तो दिसलाच नसता.

पण काका एसटीनं गेले होते, खच्चून भरलेल्या. तिथंच लागलं नसेल कशावरून? हे मी काकूंना एकदा म्हणालो. खोटं नव्हतं, तरी म्हणायला नको होतं.

आणि पंधरा टक्के म्हणालो असतो तर काका थांबले असते? बालमित्राच्या तेरवीला? "पंच्याऐंशी टक्के तर चांगलं हाय की," म्हणत गेलेच असते. फक्त "जा" हा शब्द माझा नसता. काकूंना हे अजून सांगितलेलं नाही.