दुर्बिणीशेजारी उभी असलेली माणसं

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. आकाशदर्शनाला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो गुरूचे चंद्र सांगेल, मृगातला तेजोमेघ सांगेल, देवयानी दीर्घिका सांगेल, पण हे सगळं ज्याने दाखवलं त्या माणसाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आम्हा मुंबईकरांचं आकाशदर्शन म्हणजे वांगणी, बदलापूरच्या पुढे, नेरळच्या अलीकडे. अमावास्येच्या जवळपासचा शनिवार असतो, आपण संध्याकाळी आरामात लोकलने पोचतो, तोवर ही मंडळी दुपारपासून येऊन दुर्बिणी जोडून, सतरंज्या घालून, लोकांच्या टॉर्चला लाल जिलेटिन कागद चिकटवत बसलेली असतात. कारण डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि कुणीतरी मोबाईलचा फ्लॅश मारला की सगळ्यांचं पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेही ते न चिडता समजावतात, दर अर्ध्या तासाने.

आणि दुर्बिणीवरचं काम तर बघाच एकदा. साध्या, हाताने फिरवायच्या दुर्बिणीत मोठं करून बघितलं की पृथ्वी फिरत असल्यामुळे ग्रह मिनिट-दीड मिनिटात नजरेबाहेर सरकतो, म्हणजे दोन-तीन जण बघून झाले की यांनी वाकायचं, ग्रह परत मधोमध आणायचा, फोकस बघायचा, मग पुढचा माणूस. मागे भलीमोठी रांग. थंडीत भिंगावर दव बसतं ते वेगळंच. रात्रभर दुर्बिणीपाशी उभं राहून यांना स्वतःला निवांत बघायला किती मिळत असेल?

२०२५च्या नोव्हेंबरात शनीची कडी आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत होती, नुसती बारीक रेघ, आणि फोटोतल्यासारखी कडी बघायला आलेली पोरं हिरमुसत होती. तिथल्या एका ताईने जेवणातली कागदी पत्रावळ घेतली, लाल उजेडात धरली आणि हळूहळू आडवी केली, "बघ, आता पत्रावळ दिसतेय का, की फक्त कड?" आणि म्हणाली, "असं दर चौदा-पंधरा वर्षांनी होतं, तुम्ही लकी आहात." तीच पोरं परत रांगेत जाऊन उभी राहिली. ती ताई दिवसा बँकेत काम करते, या कामाचे तिला काहीही पैसे मिळत नाहीत.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी खगोलप्रेमींची संस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ १९८६च्या हॅलेच्या धूमकेतूच्या सुमाराचं. इतकी वर्षं हे चालू राहिलंय ते अशाच लोकांच्या जिवावर, जे नावनोंदणी करतात, जागेसाठी फोन करतात, ढग आले तर शेकडो मेसेजना उत्तरं देतात आणि पहाटे चहा होईल की नाही तेही बघतात. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं आणि ते त्यांच्या तोंडावर सांगावंसं वाटतं, सांगितलंही आहे.

या सीझनला जाणार असाल तर एवढं करा, तुमचं बघून झालं की दुर्बिणीवरच्या माणसाला विचारा, जेवलात का, पाणी आणू का. आणि सकाळी स्टेशनकडे पळायच्या आधी दहा मिनिटं थांबून सतरंज्या घडी करायला हात लावा, लोकल दुसरी मिळेल.