पावसानं दिलेली दिवाळीची सुट्टी

परवा धारूरच्या घाटात दीड तास अडकलो. पुढं ऊसतोडीचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, त्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, गोधड्या अन् सगळ्यात वर लेकरं. दिवाळी झाली की आमच्याकडं निम्मं गाव असं रिकामं होतं. गाडीत भाचा होता, त्यानं विचारलं मामा तुला जहाजावर दिवाळीची सुट्टी असते का रे.

नसते. जहाज चालू असलं की सण बिण काही नाही, फार तर भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, शिरा करतो अन् रात्री मेसमध्ये फोटो. पण २०२३ ला मिळाली होती, तीही कंपनीनं नाही, पावसानं दिली.

मी तेव्हा थर्ड इंजिनिअर होतो, जहाजावरच्या भाषेत तीन साब. बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज. चितगावला क्लिंकर उतरवलं आणि रिकाम्या जहाजानं डरबनला निघालो, तिथून साखर भरायची होती. क्लिंकर म्हणजे सिमेंटचा कच्चा माल, त्याची धूळ होल्डच्या, म्हणजे माल भरायच्या कप्प्यांच्या, कानाकोपऱ्यात बसती, आणि त्याच होल्डमध्ये आता खायची वस्तू जाणार, म्हणून अख्खा हिंदी महासागर संपेपर्यंत डेकवाले बिचारे होल्डच धूत होते. आधी समुद्राच्या पाण्यानं, मग खार राहू नये म्हणून गोड्या पाण्यानं. सर्व्हेअरनं डरबनला होल्ड पास केले खरे, पण आमच्या गोड्या पाण्याच्या टाक्या तळाला गेल्या.

इथं जरा पाण्याचं सांगतो कारण ते माझ्या खात्यातलं आहे. जहाज चालू असताना मेन इंजिनच्या गरम पाण्यावर एव्हॅपोरेटर चालतो, समुद्राच्या पाण्याची वाफ करून दिवसाला वीसेक टन गोडं पाणी बनतं, म्हणजे आपल्याकडचे जवळपास दोन टँकर. बंदरात मात्र मेन इंजिन बंद, शिवाय तिथलं पाणी घाण, त्यामुळं बनवणं बंद. विकत घ्यायचं तर ऑफिसातून मेल आला, असलेल्यात भागवा. झालं, बाथरूमच्या दारावर कॅप्टनची नोटीस लागली, माणशी एक बादली. बाकीची पोरं कुरकुरायला लागली, आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रत्नागिरीचा, तो तर आयुष्यात पहिल्यांदाच बादलीचा हिशोब करत होता. म्हटलं मला काय शिकवता, मी बीडचा, एका बादलीत अंघोळ करून त्याच पाण्यात बनियन पण धुऊन दाखवतो.

११ नोव्हेंबरला शनिवारी डरबनच्या मेडन वार्फ धक्क्याला लागलो. साखरेची ती अवाढव्य गोदामं, तिथून पट्ट्यावरून साखर थेट होल्डमध्ये पडती. आभाळ स्वच्छ असेल तर पटापट भरून हाकलून देतात. आणि रविवारी, ऐन लक्ष्मीपूजनाला, पाऊस आला. साखरेला पाणी चालत नाही, थेंब पडला की लोडिंग बंद, होल्डची झाकणं बंद. मी डेकवर उभा राहून नुसता बघत होतो. तिकडं गावाकडं खरीप हातचा गेलेला, आमच्या धारूरसकट चाळीस तालुक्यात सरकारनं दुष्काळ जाहीर करून दोन आठवडे पण झाले नव्हते, आणि इथं हा पाऊस कुणाला नको असताना पडतोय.

सेकंड साबनं, म्हणजे माझ्या वरच्या सेकंड इंजिनिअरनं, मात्र पाऊस बघितला की यादी काढली, दोन नंबर जनरेटरचं हेड काढायचं. रविवार सोमवार त्यातच गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बदल्यात मंगळवार बुधवारी शोअर लीव्ह, म्हणजे जहाजावरून उतरून गावात जायची सुट्टी, पदरात पाडून घेतली.

खलाशांसाठीच्या सीमेन क्लबची व्हॅन जहाजाच्या शिडीपर्यंत घ्यायला यायची. ड्रायव्हर सत्तरीचे, दिसायला पक्के आपले, पण बोलणं सगळं इंग्रजी. डरबनमध्ये कुणाही मोठ्या माणसाला अंकलच म्हणतात, तर हे अंकल. सिग्नलला तिथं रोबोट म्हणतात, अंकल म्हणाले रोबोटच्या पुढं सोडतो, मी आपला रोबोट शोधतोय. मग जेवायला गेलो तर तिथं ब्रेड आतून कोरून त्यात मटणाचा रस्सा भरतात, बनी चाव म्हणतात, आणि ऑर्डर द्यायची ती ब्रेडच्या मापावर. अंकल काउंटरवर मोठ्यानं म्हणाले "क्वार्टर मटण", आणि आमचा बोसन एकदम सावध झाला. क्वार्टर म्हणजे पाव ब्रेड निघाला. तोंड बघण्यासारखं झालं होतं त्याचं. चव म्हणाल तर तिखटाला कमी नाही, पण काळ्या मसाल्याची सर नाही, हे मी पक्षपातानं म्हणतोय.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं गाव कुठलं, वडील काय करतात. मी सांगितलं आईवडील ऊस तोडायचे, आबांनी सतरा हंगाम केले, मी आजीपाशी राहून शिकलो. अंकलनी व्हॅन बाजूला घेतली. म्हणाले माझ्या आजोबांचे वडील मद्रासकडून इथं ऊसच तोडायला आले होते.

१८६० ला १६ नोव्हेंबरला ट्रुरो नावाचं जहाज मद्रासहून डरबनला लागलं, त्यातून पहिली माणसं उतरली, नाताळच्या, म्हणजे डरबन ज्यात येतं त्या इंग्रजांच्या वसाहतीच्या, उसाच्या मळ्यात राबायला. १९११ पर्यंत दीड लाखाच्या वर लोक असे आले. पाच वर्षाचा करार, त्यालाच लोक गिरमिट म्हणायचे. हे मी शाळेत गांधीजींच्या धड्यात कधीतरी वाचलेलं, पण तेव्हा त्यात ऊस होता हे डोक्यात शिरलंच नव्हतं.

बुधवारी भाऊबीज. क्लबच्या वायफायवर घरी व्हिडिओ कॉल लावला, बहिणीनं मोबाईललाच ओवाळलं. मागं टीव्हीवर वर्ल्ड कपची भारत न्यूझीलंड सेमीफायनल, कोहलीचं वनडेतलं पन्नासावं शतक, त्यामुळं निम्मं ओवाळणं क्लबातल्या ओरडण्यातच गेलं. मग आबा आले. किती भरायलेत म्हणे. म्हटलं पंचवीस हजार टन. आबा जरा गप्प बसले, बोटं मोजायला लागले. "म्हंजे अडीच लाख टन ऊस की रं. कोयत्याला दिवसाला दोन टन धरला तर सव्वा लाख कोयते लागतेन, एका दिसात तोडायचा म्हणलं तर." कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी.

मग त्यांना अंकलची गोष्ट सांगितली.

"पाच वर्साचा हंगाम?" आबा म्हणाले. "उचल किती द्यायचे?"

महिन्याला दहा शिलिंग, वर रेशन.

"आन मुकादम?"

होता की, त्याला तिथं सरदार म्हणायचे.

"मग त्येच की," म्हणाले आणि फोन मायकडं दिला. मायनं एकच विचारलं, उटणं लावलं का, मोती साबण दिला होता बॅगेत. मी हो म्हणालो. साफ खोटं. एका बादलीत कुठलं उटणं.

निघताना अंकलनी घरून आणलेला डबा हातात ठेवला, तिकडं दिवाळीला शेजारीपाजारी असे मिठाईचे डबे वाटायची पद्धत आहे. बर्फी होती आणि गुलाबजाम, पण गोल नाही, बोटासारखे लांबट. आम्ही इंजिन रूमवाल्यांनीच ते संपवले, डेकवाल्यांना कळूच दिलं नाही.

गुरुवारी १६ तारखेला ऊन पडलं, लोडिंग संपलं, संध्याकाळी निघालो. मी खाली कंट्रोल रूममध्ये स्टँडबायला, वर ब्रिजवरून फोन आला की दुसऱ्या सेमीफायनलला आफ्रिका ऑस्ट्रेलियाकडून हरली, जहाज बंदराबाहेर काढून देणारा पायलट कुणाशी बोलायला तयार नाही. ट्रुरोच्या तारखेचं माझ्या लक्षात आलं ते बंदराबाहेर पडल्यावर. अंकलना मेसेज टाकायचा म्हटलं तर रेंज गेलेली.

दुसऱ्या दिवशी किनारा वीसेक मैल मागं पडल्यावर एव्हॅपोरेटर सुरू केला. टाकीत पाणी पडायला लागलं तसं कॅप्टनची नोटीस मीच जाऊन फाडली, बॅगेतून उटण्याची पुडी आणि मोती साबण काढला, आणि नरकचतुर्दशीची अंघोळ सतरा तारखेला दुपारी तीन वाजता केली. चांगला अर्धा तास.