सह्याद्री पूर्वेला, मग पहाटेची घाई कशाला?

निवृत्तीनंतर हौसेने कॅमेरा घेतला की पहिली गोष्ट होते ती पहाटे साडेचारचा गजर. गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांच्या डोंगराळ भागात ही बहुतेक वेळा निव्वळ झोपमोड ठरते. इथे सह्याद्रीची भिंत पूर्वेला आहे आणि कड्यांची तोंडं पश्चिमेला. सकाळी कडा काळाकुट्ट आणि मागचं आकाश पांढरंफटक. एकाच फोटोत दोन्ही सांभाळणं सेन्सरच्या आवाक्याबाहेरचं असतं. ऊन कड्याच्या अंगावर चढतं ते दुपारी तीननंतर. म्हणून सुर्ल, चोर्ला, नेत्रावळीला जेवून निघालात तरी चालतं. सकाळ राखायची ती मुख्यतः थंडीतल्या दऱ्यांच्या धुक्यासाठी.

परतीचा हिशेब मात्र आधी करा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, जूनअखेरीस सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे मावळल्यावर कामाचा उजेड वीस-बावीस मिनिटंच टिकतो. जंगलातून उतरायचं असेल तर शेवटचा फोटो ऊन असतानाच काढा, आणि डोक्याला बांधायची बॅटरी पिशवीत हवीच.

चोर्ला घाटात पावसाळ्यात धुकं दाटलं की कॅमेरा फसतो. समोरचं पांढरं त्याला जास्त उजेड वाटतं, आणि धुकं राखाडी येतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). ऑटोफोकस भरकटत असेल तर जवळच्या झाडाच्या खोडावर फोकस करून मॅन्युअल करा. धबधब्याला याच्या उलट. भिजलेला जांभा आणि कातळ गडद, पाणी पांढरं, त्यामुळे पाण्यातला पोतच जळून जातो. अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा आणि हिस्टोग्रामची, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड पाहत राहा. जुलैच्या लोंढ्याला शटर १/१५ ते १/८ सेकंद पुरे, त्याहून जास्त दिलं की नुसती चादर दिसते. ऑक्टोबरात धार बारीक झाल्यावर अर्धा ते एक सेकंद चालतो. पोलरायझर फिल्टर ओल्या पानांवरची चमक काढतो, पण दीड-दोन स्टॉप उजेड खातो. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद आणि दोन सेकंदांचा टायमर चालू.

सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, फुलं ऑगस्ट-सप्टेंबरची. सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू ही सगळी वीतभर किंवा त्याहून बुटकी, म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. वळणारा स्क्रीन असलेला कॅमेरा निवडा, खाली फोमची चटई घाला आणि ट्रायपॉडऐवजी तांदूळ भरलेल्या छोट्या पिशवीवर कॅमेरा टेकवा. वारा थांबत नाही, म्हणून शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पर्यंत जायला बिचकू नका. ९०-१०० मिलिमीटरची मॅक्रो (बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी) लेन्स असेल तर फुलाच्या तोंडाशी जावं लागत नाही. दवबिंदूचे चिकट थेंब उन्हाकडे तोंड करून घेतले तरच चमकतात. चालताना पाय उघड्या कातळावर ठेवा, पण शेवाळ चढलेला जांभा नवीन बुटांनाही दाद देत नाही. काठी घ्या.

सर्वांत जास्त निराशा पदरी पडते ती रिवणजवळच्या उसगाळीमळला. कुशावतीकाठच्या आडव्या जांभ्यावर कोरलेले बैल, मोर आणि ते सुप्रसिद्ध चक्रव्यूह. लोक दुपारी बारा वाजता पोचतात आणि सपाट लाल दगड घेऊन परततात. कोरीव रेषा उथळ आहेत, त्या दिसतात फक्त सावलीमुळे. कोवळं किंवा उतरतं, अगदी तिरकं ऊन हवं. तसं मिळत नसेल तर सोबतीला छत्री धरायला सांगून चित्रावर सावली पाडा, आणि टॉर्च किंवा कॅमेऱ्यापासून सुटा फ्लॅश जमिनीपासून दहा-पंधरा अंशांवर, बाजूने मारा. रेषा उठाव घेतात. उजेडाची दिशा बदलून दोन-तीन फोटो घ्या, कारण एका दिशेला समांतर असलेल्या रेषा त्या उजेडात बुजतात. खडूने रेषा गिरवणं आणि कोरीव भागावर चालणं पूर्ण वर्ज्य.

ओझं पाण्यासकट चार किलोच्या आत: बॉडी, २४-१०५ मिलिमीटरच्या जातीची एक झूम लेन्स, कार्बनचा ट्रायपॉड, दोन बॅटऱ्या. टेलिफोटो घरी राहू दे. अभयारण्यात शिरताना तपासणी नाक्यावर प्रवेश आणि कॅमेऱ्याचं शुल्क भरावं लागतं, आणि पावसाळ्यात धबधबे बंदही ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी आणि लांब मोजे.

खरा शत्रू बुरशी. पावसाळ्यात घरातल्या कपाटाचीही हवा दमट असते आणि चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स सर्वांत आधी बुरसते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. जेलचा रंग बदलला की ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तास-दोन तास तापवून पुन्हा वापरा. भिजलेली पिशवी घरी येताच उघडी करा. एसीच्या खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत अर्धा तास बंद ठेवला तर काच धुरकटत नाही. काचेत कोळिष्टकासारखे धागे दिसू लागले तर लगेच साफ करून घ्या. बुरशीने कोटिंग खाल्लं की साफ केल्यावरही डाग राहतो.