फ्रेंचमध्ये 'बरं वाटलं' म्हणायला शिकताना

पुण्यात फ्रेंचची ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीची, परीक्षा देऊन मी फ्रान्समधल्या तुलूझला आले. क्रियापदं चालवता येत होती, पण आनंद झाला की 'ज स्वि ओरोझ' सोडून दुसरं काही सुचायचं नाही. 'मी सुखी आहे' असा हा भारदस्त शब्द. लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्याला तो कसा म्हणणार?

मग कळलं की रोजच्या बोलण्यात 'कोंताँ' चालतो. पुरुष म्हणतो 'कोंताँ', बाई म्हणते 'कोंताँत'. शेवटचा 'त' मी कितीतरी दिवस गिळत होते.

पहिल्या दिवाळीत शेजारच्या आजींना करंज्या दिल्या. त्यांनी दारातच एक तुकडा मोडला, सारण ओठावरून बोटाने टिपलं आणि म्हणाल्या, "से पा माल द्यू तू." शब्दशः, 'अजिबात वाईट नाही.' मी हिरमुसून घरी आले. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, ही तर मोठी दाद आहे!" मला एकदम आमचे आजोबा आठवले. पुरणपोळीचं पहिलं पान संपलं की ते एवढंच म्हणायचे, "बरं झालंय." आम्हाला त्याचा अर्थ बरोबर कळायचा. तोच कान मी इथे लावला नव्हता.

आई येणार हे ठरलं तेव्हा वर्गात मी इंग्रजीच्या सवयीने 'एक्सिते' म्हणून गेले. बाईंनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं की या शब्दाला लैंगिक उत्तेजनेचाही अर्थ आहे, जपून वापर. त्याऐवजी 'जे आत' म्हणायचं. 'आत' म्हणजे घाई. कधी एकदा आई येते असं झालंय, तेच हे.

पण मला खरा सापडलेला दागिना म्हणजे 'सा म फे प्लेझिर', शब्दशः 'हे मला आनंद देतं'. यात 'मी आनंदी आहे' असं नसतंच. समोरची गोष्ट कर्ता असते आणि आनंद मला होतो. हे तर आपलंच! पाहुणे आले की आपण 'मी आनंदी आहे' म्हणतो का? 'तुम्ही आलात, बरं वाटलं' म्हणतो. इतके दिवस मी मराठीतून इंग्रजीत आणि तिथून फ्रेंचमध्ये असा वळसा घालत होते. मधली पायरी काढून टाकल्यावर जीभ मोकळी झाली. नवीन शिकणाऱ्या मराठी माणसाला मी आता हेच पहिलं सांगते.

मे महिन्यात आई आली. जिन्यात आजी भेटल्या. त्यांनी आईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश म्हणाल्या, "सा म फे प्लेझिर द व्हू व्वार."

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"तुम्ही आलात, बरं वाटलं म्हणतायत."

"मलाही, म्हणावं."

"आ एल ओसी," मी आजींना म्हटलं.