वईपासून सुरू झालेली रोपवाटिका

आमची रोपवाटिका मुलुंडला, डोंगराच्या बाजूला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे आठ गुंठ्यांत आहे. तिथून थोडं वर चाललं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक इकडे तिकडे बघतं आणि विचारतं, "ताई, फुलझाडं कुठे ठेवलीत?" गुलाब, शेवंती, अडेनियम यांतलं आमच्याकडे काही नाही. आमच्याकडे करवंद आहे, कुडा, मुरुडशेंग, दिंडा, निर्गुडी आहे, पळस, पांगारा, ऐन, किंजळ, बेहडा आहे. इथल्याच मातीतल्या ६४ जातींची रोपं आज आमच्या वाफ्यांवर आहेत. २०११ साली सुरुवात केली तेव्हा चार होत्या.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. आजीच्या परसाभोवती वई होती. मुंबईत वाढलेल्यांना हा शब्द सांगावा लागतो, म्हणून सांगते: वई म्हणजे कुंपण, पण जिवंत. पांगाऱ्याचे दांडे पावसाच्या तोंडावर रोवायचे, ते तिथेच मूळ धरायचे. मधे निर्गुडी आणि अडुळसा. ढोरांनी तोंड घालू नये म्हणून खालून करवंदीची जाळी, आणि त्या सगळ्यावर चढलेले वाघाटीचे आणि करटोलीचे वेल. आजी कुंपणाला हात लावू द्यायची नाही. कुणाला खोकला झाला तर अडुळसा तिथूनच, कुणाचे पाय सुजले तर निर्गुडी तिथूनच. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सुटायचा तो वाघाटीच्या भाजीवर, आणि ती वाघाटीही तिथलीच. पुढे काका लोकांनी चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातलं आणि वई तोडून जाळली. मी तेव्हा नववीत होते. त्या वर्षी आजीने वाघाटी बाजारातून आणली, ते मला अजून आठवतं.

लग्नानंतर मी पंधरा वर्षं एका कंपनीत हिशेब लिहीत होते. कंपनी मुंबईबाहेर गेली, हातात थोडी रक्कम आली. घरच्यांचं म्हणणं होतं पोळी-भाजी केंद्र काढ. मी आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये करवंद, बहावा, करंज आणि अडुळसा यांची ३०० रोपं केली होती, ती घेऊन एका प्रदर्शनात बसले. दोन दिवसांत ४१ खपली. ज्या आजोबांनी शेवटचं करवंदाचं रोप नेलं ते म्हणाले, "हे मला नर्सरीत कुणी देतच नाही हो." मला धंद्याची वाट तिथे दिसली.

वाट दिसली तरी चालता येत नव्हतं. दुसऱ्याच वर्षी एका व्यापाऱ्याकडून खैराचं बी मागवलं. खैराचं बी कसं दिसतं हे तेव्हा मला नीट माहीत नव्हतं, आलं ते विश्वासाने पेरलं. उगवण सुंदर झाली. बाभळीसारखी बारीक पानं आली, मी खूश. महिना-दीड महिन्याने पुढची पानं यायला लागली ती लांबट, चपटी, कोयत्याच्या आकाराची. तो खैर नव्हता, ऑस्ट्रेलियन अकेशिया होता. त्या झाडाची पहिली पानं पिसासारखी असतात आणि मग देठच रुंद होऊन पानाचं काम करतो, हे मी त्या दिवशी शिकले. ८०० रोपं होती. विकली असती तर कुणाला कळलंही नसतं. आम्ही ती उपटली आणि पिशव्यांमधली माती पुन्हा चाळली.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक वही आहे. हिशेबाची नव्हे, बियांची. प्रत्येक बी कुठल्या झाडाचं, ते झाड कुठे उभं आहे, कुठल्या तारखेला गोळा केलं, किती पेरलं, किती उगवलं. आज अशा सहा वह्या झाल्यात. राष्ट्रीय उद्यानातून बी उचलता येत नाही, कायदा तसा आहे आणि तो योग्यच आहे. मग आमची आई-झाडं कुठली? रस्त्याकडेचा वावळ, एका कॉलेजच्या आवारातला मोह, स्मशानाजवळची करंज, रेल्वेच्या हद्दीला लागून असलेला पळस, कर्जत-मुरबाडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांधावरचे ऐन आणि हेद. एकाच झाडाचं बी आम्ही घेत नाही. पाच-सहा झाडांचं थोडं थोडं घ्यायचं आणि प्रत्येकाखाली पुष्कळ ठेवायचं, कारण तिथे खाणारेही असतात.

बियांचं खरं शिक्षण मला डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या मावशींनी दिलं. आज त्या चौघी आमच्याकडे कामाला आहेत. पहिल्या मोसमात मी मोहाचं बी जूनमध्ये गोळा करून, सुकवून, डब्यात भरून ठेवलं, थंडीत निवांत पेरू म्हणून. मावशी म्हणाल्या, "टोळंबी डब्यात मरते गो. पडली की पेर." मी ऐकलं नाही. डिसेंबरमध्ये ४०० बिया पेरल्या, एकही उगवली नाही. मोहाच्या बीत तेल असतं, ते काही आठवड्यांत खराब होतं. करवंदाचंही तसंच, मे महिन्यात फळ काळं झालं की गर धुऊन त्याच आठवड्यात वाफ्यात.

बहावा मात्र उलटा. त्याची शेंग हातभर लांब, काळी, आतून खणाखणाची. एकेका खणात चिकट गोड गरात एक बी, गारगोटीसारखी टणक. माकडं शेंग फोडून गर खातात आणि बी टाकून देतात. तशीच पेरली तर वर्ष वर्ष पडून राहते. आम्ही प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका बाजूने घासतो, आतलं पिवळट दिसेपर्यंतच, त्याहून पुढे नाही. मग रात्रभर पाण्यात. सकाळी ज्या दुपटीने फुगल्या त्या घ्यायच्या, ज्या फुगल्या नाहीत त्या परत घासायच्या. दुपारी जेवण झालं की मावशी आणि मी घासायला बसतो. एका बैठकीत दोनशे होतात.

आता विक्रीचं सांगते, कारण धंदा तिथेच अडतो. मुंबईत सगळ्यांना झाडं लावायची असतात ५ जूनला. पाऊस येतो साधारण १० जूननंतर आणि जमीन नीट भिजायला आणखी आठवडा. २०१९ साली एका कंपनीने आमच्याकडून २,००० रोपं घेतली. पर्यावरण दिनाला कार्यक्रम, टोप्या, फोटो. मी दोनदा लेखी कळवलं होतं की जुलैत लावा, रोपं आम्ही सांभाळू, जागेचं भाडं घेणार नाही. ऐकलं गेलं नाही. त्या वर्षी मान्सून मुंबईत पोचला २५ जूनला. खडकाळ उतारावर, टँकरच्या भरवशावर ती रोपं उभी होती. मी महिनाअखेरीला जाऊन आले, निम्म्याहून जास्त वाळली होती. पुढे "तुमची रोपं कमजोर निघाली" म्हणून पैसे अडवले. ते आजतागायत आले नाहीत. पैशाचं दुःख आहेच, पण त्यात ३०० मोह होते, त्या मावशींनी एकेक टोळंबी वेचून केलेले. त्यानंतर आम्ही नियम केला: ५ जूनला आम्ही रोप देत नाही. ज्यांना समारंभ करायचा त्यांनी त्या दिवशी खड्डे खणावेत, शेणखत भरावं. या नियमाने ऑर्डरी गेल्या आणि जगलेली झाडं वाढली.

लॉकडाऊनमध्ये मी आणि माझा मुलगा दोघंच पाणी घालत होतो. २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात शेडनेट उडून शेजारच्या शेडवर गेलं. ते सावरलं. पण वादळानंतर आमच्या रस्त्यावर पडलेली झाडं मी मोजत गेले: सोनमोहर, गुलमोहर, वर्षावृक्ष. गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. त्यांचा दोष म्हणून सांगत नाही. त्यांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आणून ठेवले होते, देशी झाडंही अशा ठिकाणी पडतात. पण त्या रिकाम्या झालेल्या जागी काय लावायचं हे विचारायला लोक आमच्याकडे आले. ताम्हण, करंज, बकुळ यांची रोपं बरीच विकली गेली. ताम्हण आपलं राज्यफूल, तरी अनेकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

त्याच वर्षी झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तोडल्या जाणाऱ्या झाडाचं जेवढं वय, तेवढी झाडं बदल्यात लावायची आणि ती उंच हवीत, निदान सहा फुटांची. हेतू चांगला आहे. पण आमच्या बाजूने बघा. सहा फुटांचा बेहडा किंवा बहावा करायचा तर तीन वर्षं पिशवीत ठेवावा लागतो, आणि त्याचं सोटमूळ तोवर तळाशी गोल गोल गुंडाळतं. असं रोप जमिनीत गेलं तरी मूळ गोलातच फिरतं. दीड-दोन फुटांचं रोप पावसात लावलं, दोन वर्षं तण काढलं तर बहुतेक वेळा ते त्या सहा फुटी रोपाच्या पुढे जातं. उंच रोपं आम्ही करतो, मोठ्या पिशव्यांत, दर सहा महिन्यांनी पिशवी बदलून. खर्च येतो, आणि ते स्वस्तात देणाऱ्यांशी आम्ही स्पर्धा करू शकत नाही.

दाट वनांच्याही मागण्या येतात. जपानच्या अकिरा मियावाकी यांची पद्धत, चौरस मीटरला तीन-चार रोपं. शहरातल्या उजाड, राडारोडा टाकलेल्या तुकड्याला ती चालते आणि तिथे आम्ही रोपं देतो. पण डोंगरउतारावर जिथे गवत आणि करवंदीच्या जाळ्या आधीच आहेत, तिथे जेसीबी घालून ते साफ करून दाट वन करायचं म्हटलं तर मी नाही म्हणते. ते रिकामं रान नसतं. त्या जाळीतच ऐनाचं बी पडून वाढतं, कारण तिथे गुरं पोचत नाहीत. जंगल पुढे सरकतं ते त्या कडेकडेनं. आम्हाला मागणी नेहमी उंच झाडांची येते. करवंद, तोरण, दिंडा, मुरुडशेंग कुणी मागत नाही, आम्हीच प्रत्येक यादीत घालतो. यादीत निम्मी झुडपं आणि वेल नसतील तर आम्ही कोटेशनच देत नाही.

माझ्या मनातलं काम २०२२ साली मिळालं. पवईजवळच्या एका सोसायटीची ६० मीटरची मागची हद्द. दुरंटा या शोभेच्या झुडपाची पिवळी रांग होती, दर महिन्याला माळी कातरायचा. ती मरायला लागली म्हणून त्यांनी बोलावलं. मी म्हटलं, वई घालू. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "अहो ताई, काटे आहेत, मुलं खेळतात. आणि साप आले तर?" दोन सभा झाल्या. शेवटी ठरलं की खेळायच्या बाजूला अडुळसा, निर्गुडी आणि कुडा, म्हणजे काटा नाही, आणि काटेरी सगळं भिंतीच्या बाजूला. करवंदाची रोपं दीड फुटावर, दोन ओळींत तिरपी. दर दहा मीटरला पांगारा, वाघाटी चढायला. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यावर आम्ही सगळं गुडघ्याइतकं छाटलं. सोसायटीत ओरड झाली, "लावलं ते कापलं!" पण छाटल्याशिवाय झुडूप खालून भरत नाही, वर वर काड्याच राहतात.

दुसऱ्या वर्षी फोन आला: वाघाटीला अळ्या पडल्यात, फवारणी करतोय. मी रिक्षा करून गेले. अळ्या फुलपाखरांच्याच होत्या, त्यांना खायला वाघाटीच्याच कुळातली पानं लागतात. तिथल्या एका काकूंना म्हटलं, पंधरा दिवस थांबा, वेल मेला तर मी फुकट लावून देईन. वेल मेला नाही. पांढरी-पिवळी फुलपाखरं झाली ती काकूंनी व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर पाठवली. तिसऱ्या उन्हाळ्यात करवंदीत बुलबुलाने घरटं केलं, आणि माळ्याने आपणहून तिथलं कातरणं थांबवलं. त्या सोसायटीमुळे आणखी पाच कामं मिळाली. एकूण दोन फर्लांगांच्या, म्हणजे चारशे मीटरच्या वर वई झालीय आता. मुंबईच्या मानाने काहीच नाही, पण या धंद्यातली मला सर्वांत जपावीशी वाटणारी गोष्ट तीच आहे.

यंदा आषाढी द्वादशीला सकाळी सातला त्याच काकूंचा फोन. वाघाटीला फळं धरलीत, भाजी कशी करायची? मी सांगितली: फोडून बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात ठेवायची, मग ओलं खोबरं आणि गूळ. शेवटी म्हटलं, पाच-सहा फळं वेलावरच राहू द्या, पिकली की मी येते. मावशींनी वहीत नवं पान काढून ठेवलंय, वर सोसायटीचं नाव लिहिलंय, तारीख टाकायची बाकी आहे.