आयोवा सिटीत टॅकलची पारख कशी करतात

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, एकही संघ नाही. त्यामुळे आयोवा सिटीत इथल्या माणसांचा सगळा जीव विद्यापीठाच्या संघात, म्हणजे हॉकाइजमध्ये, गुंतलेला असतो आणि हंगाम संपला की एनएफएलचे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या निवडीत आपल्यातला कोण, कितव्या क्रमांकावर जाणार यावर वसंत ऋतूपर्यंत खल चालतो. इतरत्र ही चर्चा क्वार्टरबॅकची, म्हणजे पास टाकणाऱ्या खेळाडूची, असते, इथे मात्र ती बहुधा त्याचे रक्षण करणाऱ्या ऑफेन्सिव्ह टॅकलची असते. १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक असलेले कर्क फेरेंट्झ हे मूळचे लाइनचेच, म्हणजे पुढच्या रांगेचेच, प्रशिक्षक असल्यामुळे या गावाला त्या जागेची नजर आपोआप आली असावी. भारतातून आलेल्या माणसाला या खेळात सर्वांत शेवटी समजणारी जागाही हीच आहे.

आक्रमण करणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेत पाच धिप्पाड खेळाडू असतात. त्यांतल्या दोन टोकांचे दोघे म्हणजे टॅकल. क्वार्टरबॅक पास टाकण्यासाठी चेंडू हातात धरून मागे सरकतो तेव्हा साधारण अडीच-तीन सेकंद त्याच्यापर्यंत कोणाला पोहोचू न देणे, हे त्यांचे मुख्य काम. समोरून धावून येणारा एज रशर, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाचा टोकाचा खेळाडू, सव्वाशे किलोच्या आसपासचा आणि तरीही विलक्षण चपळ असतो. टॅकल एरवी चेंडूला शिवतही नाही, त्यामुळे आकडेवारीच्या रकान्यात त्याच्या नावापुढे लिहिण्यासारखे जवळजवळ काही नसते. त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून बहुधा तेव्हाच ऐकू येते, जेव्हा त्याने प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले म्हणून संघाला दहा यार्डांचा दंड होतो.

मग पारख कशाची करायची? शाळेत असताना लाइनमध्ये खेळलेल्या माझ्या एका सहकाऱ्याने पहिल्यांदा सांगितले की चेंडू पाहणे सोडून दे, टॅकलचे पाय पाहा. तसे पाहिले की चित्रच बदलते. डाव सुरू होताना चेंडू सुटताक्षणी चांगला टॅकल बाहेरचा पाय मागे टाकतो आणि आतला पाय त्याच्यामागे नेतो. दोन पायांतले अंतर मात्र जवळजवळ तेवढेच राहते, पाय एकमेकांना चिकटत नाहीत. गुडघे वाकलेले, पाठ ताठ, हात छातीजवळ. समोरचा बाहेरच्या बाजूने वळसा घालणार अशा भीतीने तो जास्तच बाहेर सरकला, तर रशर आतल्या मोकळ्या जागेतून सरळ क्वार्टरबॅकवर जातो. हात लवकर टाकले तर समोरचा ते झटकून पुढे निघतो आणि उशिरा टाकले तर तोच याच्या छातीत शिरून याला मागे रेटतो. तसे मागे रेटले जात असताना दोन पावले हटून तिसऱ्या पावलाला जो रुततो, त्याच्या नावापुढे व्यावसायिक संघांचे निरीक्षक खूण करतात.

अडचण अशी की कॉलेजच्या चित्रफिती बऱ्याचदा फसव्या असतात. अनेक विद्यापीठांचे संघ खेळाडू मैदानभर पसरवून झटपट पास टाकतात. चेंडू दीड-दोन सेकंदांत हातातून जातो आणि टॅकलची खरी परीक्षाच होत नाही. नियमही वेगळे आहेत: पुढे पास टाकला जात असताना लाइनमनला कॉलेजात तीन यार्ड पुढे जाता येते, एनएफएलमध्ये फक्त एक. म्हणून पास की धाव हे समोरच्याला कळू न देणाऱ्या ज्या चाली कॉलेजात सर्रास चालतात, त्या वर गेल्यावर तितक्या मोकळेपणाने खेळता येत नाहीत. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पासप्रधान पद्धतीत चमकलेल्या आंद्रे डिलार्डला फिलाडेल्फिया ईगल्सने २०१९ मध्ये २२ व्या क्रमांकावर घेतले. पण डावी बाजू अखेरीस मिळवली ती जॉर्डन मायलाटाने, ज्याला २०१८ मध्ये २३३ व्या क्रमांकावर निवडले होते आणि जो सिडनीत रग्बी लीग खेळून आला होता. त्याची कॉलेजची चित्रफीतच नव्हती!

चित्रफितीवर विसंबता येत नाही म्हणून मोजमापे. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे निवडीआधीच्या सामूहिक चाचणीत, उंची, वजन, उडी, धाव, सगळे मोजतात. पण टॅकलच्या बाबतीत सर्वाधिक वाद होतो हातांच्या लांबीवर. ३३ इंचांच्या खाली गेलात की शंका सुरू होतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पीटर स्कोरॉन्स्कीचे हात सव्वाबत्तीस इंच भरले; २०२३ मध्ये तो ११ व्या क्रमांकावर गेला खरा, पण टेनेसी टायटन्सने त्याला आतल्या बाजूला, गार्डच्या जागी खेळवले. २०२५ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या (एलएसयू) विल कॅम्पबेलचे हात कम्बाइनमध्ये ३२ आणि पाच अष्टमांश इंच होते, ते त्याच्याच विद्यापीठातल्या चाचणीत बरोबर ३३ झाले. हात महिनाभरात वाढत नाहीत, टेप धरणारा माणूस बदलतो. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले.

इथे ज्याचे नाव अजूनही निघते तो ट्रिस्टन विर्फ्स मोजमापात कुठेच कमी नव्हता. आयोवातल्याच माउंट व्हर्ननचा हा मुलगा फेरेंट्झ यांच्या कारकिर्दीत पहिल्याच वर्षी टॅकल म्हणून सुरुवातीच्या संघात उतरलेला पहिला खेळाडू होता. २०२० च्या कम्बाइनमध्ये ३२० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १४५ किलोंच्या, या खेळाडूने ४० यार्ड ४.८५ सेकंदांत कापले आणि जागेवरून साडेछत्तीस इंच उंच उडी मारली. तरीही त्या वर्षीच्या टॅकलांत तो चौथा गेला: अँड्र्यू थॉमस, जेड्रिक विल्स आणि मेकाय बेक्टन त्याच्या आधी निवडले गेले आणि १३ व्या क्रमांकावर टॅम्पा बेच्या संघाने त्याला घेतले.

शंका काय होती? तो आयोवात बहुतांशी उजव्या बाजूला खेळला होता आणि एनएफएलमध्ये त्याला गार्ड करावे लागेल, असे अनेकांना वाटत होते. याला आयोवाचा पूर्वेतिहासही कारणीभूत असावा, कारण २००४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेला रॉबर्ट गॅलरी आणि २०१५ मध्ये पाचव्या क्रमांकावर गेलेला ब्रँडन शर्फ हे दोघेही अखेर गार्डच झाले. माझ्या मते इथे विद्यापीठाच्या शिक्क्याने खेळाडूला झाकून टाकले. विर्फ्स शाळेत असताना हेवीवेट कुस्तीत राज्यविजेता होता, आणि कोल्हापूरच्या तालमीतल्या कोणाही वस्तादाने त्याचा पवित्रा पाहिला असता तर त्याला हलवणे सोपे नाही हे लगेच ओळखले असते.

पहिल्याच हंगामात तो उजव्या बाजूला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे रक्षण करत फेब्रुवारी २०२१ ची सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून बसला. त्याच सामन्यात प्रतिस्पर्धी कॅन्सस सिटीचे एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ हे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीमुळे बाहेर होते. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स रात्रभर जीव घेऊन पळत राहिला आणि त्याचा संघ ३१-९ असा हरला. २०२३ मध्ये टॅम्पाने विर्फ्सला डावीकडे हलवले, जिथे पाय आणि हात दोन्हींची सवय उलटी करावी लागते. उजव्या बाजूला तो आधीच ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडक संघातला, ठरला होता. २०२४ च्या हंगामानंतर डाव्या बाजूलाही ठरला. गार्डच्या जागी त्याला खेळवण्याची वेळ कोणावर आलीच नाही.